बाहेर बघणारा डोळा

जुलैत गुलाब काही करत नाही.
मीही करत नाही.
एसीच्या नळीखाली बादली ठेवते,
किती भरली ते आवाजावरून कळतं.

सोहारमधलं नळाचं पाणी समुद्राचं,
मीठ काढलेलं, तरी
पानांच्या कडा जळतात.
एसीचं मात्र गोड. आमच्याच खोलीतला दमटपणा,
थेंब थेंब बाहेर पडलेला.

कुंडीत कुंडी ठेवलीय, मधे ओली वाळू.
नाहीतर मुळं शिजतात,
असं पीरबख्श सांगतो.
समोरच्या बंगल्यातली हिरवळ कापतो तो
आणि माझ्याकडे चहाला थांबतो.

ऑक्टोबरात त्यानं कात्री मागितली.
मी दिली, आणि आत निघून गेले.
परत आले तर तीन काड्या, वीतभर.
"बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर कापायचं, भाभी.
आत बघणारा फुटला
तर झाड स्वतःतच गुंतून बसतं."

चार दिवस बोलले नाही त्याच्याशी.
चहा दिला. बिनसाखरेचा.

मग कलमाच्या खालून
सात-सात पानांचा फुटवा आला, चांगला दांडगा.
मी खूश. त्यानं तो मुळापासून उपटला.
"हा गुलाब नाही.
गुलाब ज्याच्यावर बांधलाय, तो हा."
नाव विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

जानेवारीत पहिलं फूल.
रात्रपाळीहून आलेला श्रीरंग
हेल्मेट काखेत धरूनच वाकला,
म्हणाला, वास नाही गं याला.

आहे.
सहाला असतो, ऊन चढायच्या आत,
पीरबख्श सायकल घेऊन रस्ता ओलांडतो तेव्हा.