पाचातले दोन

हंगाम संपला की मैदानावर ताडपत्री येते
आणि ऑफिसातल्या फळ्यावर पाच रेघा.
पहिल्या तिघींवर नावं आहेत.
चौथी, पाचवी कोरी.
ग्रेटा लिंडक्विस्ट बोटांत खडू फिरवते, विचारते,
"एल्डन, हात शाबूत आहे ना?"

हात म्हणजे डावा.
एकोणीस वर्षं त्यात दुसऱ्यांचे चेंडू झेलले,
कुंपणामागे, जिथे कॅमेरा येत नाही.
तर्जनी आता थंडीत वाकत नाही;
स्टिअरिंग उरलेल्या बोटांचं.

नॉर्थ डकोटा, डिसेंबर.
रस्ता पांढरा, आभाळ पांढरं,
मध्ये धान्याची एखादी कोठी, खिळ्यासारखी.

ट्रॅक्टरच्या शेडमध्ये येफ्रेन उर्दानेता, वय बावीस.
त्याचा चेंडू दिसत नाही, ऐकू येतो.
रडार गन म्हणाली सत्त्याण्णव.
तळहात म्हणाला, आई गं.
तीन चेंडू माझ्याकडे आले,
चौथा ट्रॅक्टरच्या दिव्याकडे.
त्याचा एजंट काचा गोळा करता करता
आकडा सांगत होता.

मग बिस्मार्कच्या पुढे तो पोरगा. नाव लिहीत नाही.
कोपरावर गुलाबी व्रण, इस्त्रीच्या घडीसारखा सरळ.
सहाव्या चेंडूला ओठ किंचित दुमडला.
"काही नाही," तो म्हणाला.
"गारठा आहे," मी म्हणालो,
आणि चेंडू एकेक करून पिशवीत भरले.
आम्हा दोघांनाही कळलं होतं.
त्याचा बाप कॉफी घेऊन आला,
त्याला कोण सांगणार?
दोन कप प्यायलो.

हॅल्वर सॉर्बीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.
पेट्रोल पंपावरच्या बाईनं सांगितलं:
बॉयलर दुरुस्त करतो, छत्तिशीचा आहे,
रात्री चर्चच्या तळघरात एकटाच भिंतीवर फेकत असतो.
गेलो.
घडीच्या खुर्च्या, नाताळच्या नाटकातल्या लाकडी मेंढ्या,
आणि छत इतकं खाली
की वर फेकायची सोयच नाही.
बारा हिवाळे त्या छतानं त्याला शिकवलं होतं:
खाली ठेव. गुडघ्याच्या खाली. अजून खाली.

मी ग्लोव्ह धरला.
चाळीस चेंडू.
ग्लोव्ह हलवावा लागला नाही.
चेंडूची शिवण तळव्यात प्रत्येक वेळी त्याच जागी टेकायची,
जशी किल्ली आपल्याच कुलपात.

रात्री मोटेलातून फोन केला.
"किती?"
"चौऱ्याऐंशी."
ग्रेटा थोडा वेळ बोललीच नाही.
"एल्डन, त्या वेगानं माझी आई गाडी चालवते."
"पण तुझी आई," मी म्हणालो, "कधी लेन सोडते का?"

तिनं हो म्हटलं नाही.
नाहीही म्हटलं नाही.
मागे खडू फळ्यावर टेकल्याचा आवाज आला,
मग बहुधा पुसल्याचा.
चौथ्या रेघेवर उर्दानेता पक्का, तेवढं कळलं.
दिव्याचे पैसे संघ देणार.

सकाळी हॅल्वर हातातली काजळी पुसत बाहेर आला.
पगार विचारला नाही.
किती सामने, कुठला प्रवास, काही नाही.
"तिथे छत किती उंच आहे?"

"छत नाहीच तिथे," मी म्हणालो.

तो बराच वेळ वर बघत राहिला.
बर्फ पडायला लागला होता.
मग म्हणाला, शाळेचा बॉयलर बंद पडलाय,
पोरं कुडकुडत असतील,
आणि पाना घेऊन निघून गेला.