क्रमांक एकशे चौदा

बारा अमिनो आम्लं एकामागे एक,
काळ्या पोतीतल्या मण्यांसारखी.
ही उपमा मी तोंडी परीक्षेत दिली तेव्हा
बाहेरून आलेले सर हसले होते.
पेप्टाइडला घरात काय म्हणावं? मी धागा म्हणते.
एक टोक सोन्याच्या पातळ पत्र्याला चिकटलेलं,
दुसरं हवेत मोकळं.

आधीचे एकशे तेरा कुचकामी निघाले.
कुणी नुसत्या दमट हवेला भुलले,
कुणी माझ्या हातावरच्या सॅनिटायझरला,
एक तर तुलारामकाकांनी खिडकीत सोललेल्या संत्र्यावर भाळला
आणि दुपारभर खोटी बोंब मारत बसला.
(नागपूरच्या कवितेत संत्रं आणायचं नाही, असं ठरवलं होतं.
पण नोंदवहीत ते आहे, तारखेसकट.)

हा मात्र टोल्युइन धरतो.
याच्या पोटात दोन ट्रिप्टोफॅन, त्यांची कडी सपाट.
टोल्युइनचं कडं येऊन मधे बसतं,
फडताळातल्या ताटल्यांत ताटली सरकवावी तसं.

बाबांनी विचारलं, "मंग याले वास येते?"
येत नाही, म्हटलं. जड होतो.
सोन्याखालचा स्फटिक सेकंदाला पन्नास लाख वेळा थरथरतो,
रेणू चिकटले की जरासा मंदावतो,
पडद्यावरची रेघ खाली येते.
बस, एवढंच.
बाबा बराच वेळ कूलरकडे बघत राहिले.
"म्हणजे वास नाई," म्हणाले, "ओझं."

सव्वीस वर्षं हिंगण्याच्या शेडमध्ये
लोखंडी कपाटांवर स्प्रे मारला त्यांनी.
हिरवा, मग राखाडी,
लग्नसराईत कुणी मागितलाच तर मोरपिशी.
नाक कधी गेलं ते त्यांना सांगता येत नाही.
आई सांगते:
कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, पाणी सोडलं,
सगळं घर घमघमलं, आणि हे म्हणाले,
"यंदा वाळा नकली देल्ला त्यानं."

मे महिना, शेचाळीस डिग्री.
शेठनं एका पाळीची परवानगी दिली,
पेपरात नाव येणार नाही या अटीवर.
यंत्राचा डबा टांगला तो खिळा
बाबांच्या जेवणाच्या डब्याचा.
नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिलं कपाट आत आलं.
रेघ घसरली.

बाबांच्या जागी आता रुपेश निखाडे, बावीसचा,
नाकाला दुपट्टा, त्यावर हिरवे ठिपके.
जेवणाच्या सुटीत पडद्याशी येऊन उभा राहिला.
"खाली जाऊन राहिली ना मॅडम.
म्हणजे चांगलंच ना?"

मी नाही म्हटलं.
मग किती नाही, ते आकड्यांत सांगू लागले.
ऐकत होता तो, पण भोंगा झाला.
जाताना दुपट्टा सोडून त्यानं पुन्हा बांधला,
या वेळी दोन पदरी.

संध्याकाळी कोरडा नायट्रोजन सोडून धागा धुतला.
सोडतो तो. कडं निसटतं, स्फटिक हलका होतो,
रेघ वर चढते,
पण सकाळच्या जागी येत नाही, दोन हर्ट्झ खालीच थांबते.
दर वेळी अजून थोडी खाली.
प्रबंधात याला मी 'विचलन' म्हटलंय,
त्यावर एक परिच्छेद आहे.

वाडी नाक्याला ट्रकांच्या मागे अर्धा तास.
घरी पोचले तर आई शेजारी गेलेली,
बाबा गॅसपाशी खुर्ची टाकून पेपर वाचताहेत,
आणि दूध तळाला लागून
काळं, घरभर.

मी धावत जाऊन गॅस बंद केला.
"काहून? काय झालं?"

खांद्यावरच्या बॅगेत एकशे चौदा.
त्यालाही दुधातलं काही कळत नाही.