सध्या काय चालू आहे

मंगळ, गुरू, शनि. सकाळची पहिली पाळी.
परळच्या या तळमजल्यावर कुणी कुणाला
"कसं काय" विचारत नाही,
ते वजनकाट्यावर कळतंच.
सुया टोचून झाल्या, चिकटपट्ट्या बसल्या,
की चार नंबरवरून यासीन मुकादम आवाज देतो,
"बोला, सध्या काय चालू आहे?"

चार तास म्हणजे पाच अल्बम.
मध्येच कुणाचं बीपी पडलं तर साडेचार.

फिलोमेनाबाईंचं अजून तेच,
ओर्लेमच्या बँडची तबकडी, ट्रम्पेटवर त्यांचे काका.
नातवाने फोनवर उतरवून दिली, खरखरीसकट.
"खरखर काढू का म्हणाला मेला.
म्हटलं, त्यापेक्षा काकालाच काढ."

यासीनकडे माझगावच्या उरुसात भरलेली कॅसेट.
कव्वाल वर चढतो, आणि नेमकं तेव्हाच
गर्दीत कुणीतरी खोकतं.
ते अब्बा, याबद्दल त्याला शंका नाही.
चाळीस वर्षं तो त्या खोकल्यापाशी थांबतो,
मागे घेतो, पुन्हा लावतो.
कव्वालाचं नाव विचारलं तर म्हणतो,
असेल कुणीतरी.

मी लालबागला रंगाच्या दुकानात
सत्तावीस वर्षं शेड जुळवल्या.
गाण्यातलं कळत नाही, छटा कळतात.
माझा या महिन्यात बिहाग, सरोदवर,
दोन्ही बाजूंना तेवढा एकच.
त्यात तीव्र मध्यम लागतो तो एवढासा,
पांढऱ्याच्या डब्यात निळ्याचा थेंब टाकतात तसा:
निळा कुणाला दिसत नाही,
पांढरा मात्र त्यानेच पांढरा होतो.

आणि खिडकीजवळ सुमेध गांगुर्डे, वय बावीस.
त्याचा अल्बम गोवंडीच्या चार पोरांचा.
नऊ तुकडे, शब्द एकही नाही,
नुसत्या गिटारी आणि एक जनरेटर.
"कशाबद्दल आहे रे?"
"कशाबद्दल नाही काका. ऐका."
इअरफोनचं एक टोक त्याने माझ्याकडे सरकवलं,
वायर दोन पलंगांमध्ये ताणलेली,
रक्ताच्या नळ्यांच्या वरून.
अडकेल, अडकेल, म्हणून सिस्टर बिन्सी ओरडली.
तीन तुकडे माझ्या दाढेत कळ.
चौथ्यात जनरेटर बंद पडतो
आणि लांब कुठेतरी कुणी भांडी घासत असतं.
मी म्हटलं, थांब, हा राखाडी मला माहितीय.
पाचवा लावणार, तोच त्याचं मशीन बोंबललं.
वेळ संपली.
"उरलेला शनिवारी, काका."

शनिवारी खिडकीजवळ दुसराच माणूस.
किडनी मिळाली त्याला, टेक्निशियन भोईर म्हणाला,
बहिणीची.
आम्ही टाळ्या वाजवल्या,
एका हाताने, मांडीवर, दुसरा बांधलेला.
मग बराच वेळ नुसते पंप.
खरं सांगतो, आनंद झाला.
आणि थोडा रागही आला.
पाच तुकडे राहिले होते,
अल्बमचं नाव मी विचारलंच नव्हतं.

नवा माणूस कुडतरकर.
मानेत कॅथेटर, मनगटावर नवाकोरा फिस्टुला,
अजून सुई न लागलेला.
छताकडे बघत होता, पंख्याची पाती मोजल्यासारखा.
यासीनने त्याची चिकटपट्टी बसू दिली.
"बोला, सध्या काय चालू आहे?"
"मी नाही हो काही ऐकत.
दुकान होतं. वेळ कुठे."

"मनगट कानाला लाव," फिलोमेनाबाई म्हणाल्या.
"अरे लाव तर. अस्सं."

त्याने लावलं. दचकला. काढलं.
पुन्हा लावलं.
"हे... हे चालूच असतं?"
"रात्रंदिवस," यासीन म्हणाला,
"बाजू पलटायची पण कटकट नाही."

माझा बिहाग एव्हाना जोडात शिरला होता.
मी इअरफोनचं एक टोक कुडतरकरकडे धरलं.
त्याने मान न हलवता
दुसऱ्या हाताचा पंजा वर केला,
थांबा जरा,
हे होऊ दे.