फणसाच्या जागी

सड्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, एक कांडी रेंज मिळते,
तीही वारा पडला तर.
तिथे उभी राहून तुला सांगितलं :
घर आहे. मनवा ठीक. मीही.
तू कुठल्याशा बंदरात, तुझ्यामागे क्रेनची घरघर,
तीनदा विचारलंस, "घर उरलां मगे?"
उरलंय, म्हटलं. आणि बॅटरी संपली.

राहिलेलं इथे लिहिते, वीजबिलाच्या पाठीवर.
सहा दिवस झाले, त्याचा दुसरा उपयोग नाही.

कौलं एकशे बेचाळीस.
मनवाने अंगणात रांगा लावल्या :
फुटलेली, चिरलेली,
आणि धड असून भलत्याच्याच परसात सापडलेली.
त्यातली चार आपली नाहीत.
कुणाची, ते घरोघर विचारत फिरते,
हातात कौल घेऊन, हरवलेलं मांजर घेऊन फिरावं तशी.

न्हाणीघर गेलं. तांब्याचं भाण पोळीसारखं चेपलं.
विहिरीत पानंच पानं, आणि कुणाची तरी एक चप्पल.

दुसऱ्या रात्री फ्रिज वास मारू लागला
तेव्हा फिलुमेना टोप घेऊन आली.
सगळ्यांचं एकदमच शिजवूया, म्हणाली, नाहीतर कुत्र्यांना जाईल.
तिचे सॉसेज, आपले बांगडे, वरच्या वाड्यावरची सुंगटं,
ओली लाकडं, डोळ्यांत धूर,
रस्त्यावरच पंगत, कारण रस्त्याने येणार कोण?
चतुर्थीलाही इतकं जेवलो नसू.
हे तुला फोनवर सांगायची लाज वाटली.

तलाठी आला चौथ्या दिवशी.
त्याच्या कागदावर एक ओळ :
झाड, जात, वय, अंदाजे किंमत.
फणस, म्हटलं. वय कोण जाणे.
"एकोणतीस," पाठीमागून फिलुमेना.
इतकं ठाम, की तलाठ्याने पेन थांबवून वर बघितलं.
मी त्याला कोरा चहा दिला.

यल्लाप्पा दोन दिवस कापत होता.
पिवळं धमक लाकूड, करवतीला चीक,
दर घटकेला पात्याला खोबरेल.
एकेचाळीस फणस होते अंगावर, कोवळे.
मोजले, वाटले.
लाकडाला गिऱ्हाईक आहे, म्हणाला. मी काही बोलले नाही.

आणि काल सकाळी, तांदूळ धुताना मान वर केली
तर खिडकीत नदी.
अख्खी शापोरा, भरतीची, गढूळ,
ओंडके वाहून नेणारी,
पलीकडे शिवोलीचे माड, काही नुसतेच खांब.
अकरा वर्षं या मोरीशी उभी आहे मी.
ती इतकी जवळ आहे हे ठाऊक नव्हतं.

फिलुमेनाने सांगितलं. राख सारवत, माझ्याकडे न बघता.
सगुण तिसऱ्या दिवशी मिळाला, खाजनाच्या मानशीपाशी.
पुढच्या पावसात तुझ्या आईने फणस लावला.
सावलीसाठी नव्हे.
झाड खिडकीएवढं होईतो
ती पाठ करून रांधायची, म्हणूनच
आपली चूल उलट्या भिंतीला.
मी समजत होते, वास्तुशास्त्र.

सगुण तापाने गेला, म्हणाला होतास तू,
लग्न ठरताना, म्हापशाच्या त्या हॉटेलात,
आणि पाण्याचा ग्लास उगाच फिरवत राहिलास.
तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास.
मग बोट कशी धरलीस रे?
आईंनी कशी धरू दिली?

वीज आली की फोन करीन.
आधी कौलांचं सांगेन, भाणाचं,
पंचनाम्यात किती मांडले ते.
नंतर जमलं तर हे.

त्या जागी काय लावायचं, ते तू ठरव.
तोवर खिडकीला तुझी जुनी लुंगी बांधली आहे.
मनवा ती सारखी बाजूला सारते,
स्टुलावर चढते,
आणि होड्या मोजते.