सूतभर डावीकडे

गार्बिन्येनं रात्री जेवणाच्या टेबलावर
पुठ्ठ्याचे तुकडे कापले:
लेथ, मिलिंग, दोन ड्रिल,
आणि गुरुवारी येणारं सीएनसी.
एकास वीस. बोटानं ढकललं की सरकायचं सगळं.
पुठ्ठ्याला वजन नसतं,
आणि पुठ्ठा कुणाच्या बापाचा नसतो.

शनिवारी आम्ही चौघं.
एइबारमध्ये डोंगर इतके अंगावर आलेले
की कारखान्यांनाही माळे चढवावे लागले.
आमचा दुसरा माळा.
खालचा ओडोन हातात कॉफी घेऊन
आपल्या छताकडे बघत उभा.

लेथ तीन टनांचा.
पहार घातली, पाचर सारली,
एक कोपरा उचलला बोटभर.
बालेंदिन स्टुलावरून ओरडतो,
"दमानं! तो म्हातारा आहे!"
स्वतः एक्याऐंशीचा.
खाली पोलादी नळ्या. माझं काम एवढंच,
मागून सुटलेली नळी उचलायची
आणि धावत पुढे घालायची.
सव्वा तासात सात मीटर.
नळ्यांखाली फरशी करकरायची,
आणि खालून ओडोनचा आवाज,
"अजून आहात ना रे वर?"

नव्या जागी स्पिरिट लेव्हल ठेवली.
बुडबुडा डावीकडे.
पत्रा घातला. उजवीकडे.
काढला, अर्धा घातला, बोल्ट पिळले,
तरी जॉबवर थरथर उमटतेच.
मग बालेंदिन उठला, जुन्या जागी गेला,
ओणवा होऊन तेलाच्या चिखलातून
एक चपटा तुकडा उचलला.
सार्डिनच्या डब्याचं झाकण, चार घड्यांचं.
माशाचं शेपूट अजून दिसत होतं.
"पाचिकोनं घातलं होतं. जेवणाच्या सुट्टीत."
ते घातलं. बुडबुडा मधोमध.
गार्बिन्ये काहीच बोलली नाही,
चक घट्ट करायची किल्ली तिनं दोनदा पुसली.

संध्याकाळी झाडताना दिसलं:
जुन्या जागी फरशीचा आयत,
मूळचा लालसर, कुणी न पाहिलेला.
आणि त्याच्यासमोर दोन खोलगट खुणा,
शेजारी शेजारी, डावी जरा जास्त खोल.
एकोणचाळीस वर्षं पाचिको तिथं उभा होता,
डाव्या पायावर भार टाकून.
आता तिथून ट्रॉली जाणार.

खुणा बुजवायच्या, हे फळ्यावर लिहिलं आहे,
"सीएनसीची वायर" आणि "ओडोनला वाइन द्यायची" यांच्यामध्ये.
वायर झाली. वाइनही झाली.
सिमेंटची पिशवी दाराशी आहे, तोंड बांधलेली.
ट्रॉलीचं चाक रोज तिथं आपटतं,
वरचे ड्रिल-बिट खणखणतात,
आणि ढकलणारा, कुणीही असो,
एक पाऊल थांबतो,
मग हँडल सूतभर डावीकडे वळवतो.