किंवा

वकीलसाहेब व्याख्या सांगत गेले, मी टाइप करत गेलो:
एकट्याने किंवा संयुक्तपणे,
टोळीचा सदस्य म्हणून किंवा टोळीच्या वतीने,
हिंसाचार किंवा हिंसाचाराची धमकी
किंवा धाकदपटशा किंवा जबरदस्ती
किंवा अन्य बेकायदेशीर मार्गाने.
टोळी म्हणजे दोन किंवा अधिक व्यक्ती.
तेवीस वर्षं गंगाखेडच्या कोर्टाबाहेर
पत्र्याखाली बसतोय,
एवढे किंवा एका दमात कधी बडवले नव्हते.

समोर केरबा भोई.
अंगाला जळक्या डांबराचा वास.
वाळूच्या खेपांना नाव दिली नाही
म्हणून परवा रात्री घाटावर पेटवली.
साहेब म्हणाले, नाव सांग.
केरबा म्हणाला, नाव तर गेली की.
ती नाही रे बाबा, माणसांची.
केरबा रस्त्याकडं बघत बसला.
रस्त्यानं टिप्पर चालले होते एकामागं एक,
फाळक्यातून पाणी ठिबकत होतं.
ओली वाळू. म्हणजे रातचीच.

मग साहेबांनी बोटं मोजली:
मागच्या दहा वर्षांत
एकाहून अधिक दोषारोपपत्रं पाहिजेत,
कोर्टानं दखल घेतलेली,
तेव्हा कुठं हे कलम लागतं.
मी म्हणालो, तक्रारी तर मीच तीन टाइप केल्यात.
मुंजाजीचा वजनकाटा. रझियाबीची वीटभट्टी.
कोतवालाचा मोडलेला हात.
आणि तिन्हींच्या महिन्याभरानं दुसरा कागद,
तोही माझ्याच मशीनवर:
गैरसमजातून तक्रार दिली होती,
आता काही म्हणणं नाही.
पानाला तीस रुपये.
तक्रारीचे तीस, माघारीचे तीस.

साहेब हसले.
मी पण हसणार होतो,
पण अर्धं वाक्य स्क्रीनवर उभं होतं,
आर्थिक किंवा अन्य लाभ
स्वतःसाठी किंवा अन्य कोणत्याही व्यक्तीसाठी
आणि पुढं ती बारकी काडी
लुकलुक, लुकलुक.

कामून थांबलाव? केरबानं इचारलं.
लाईट गेली का?
नाही, म्हटलं, आहे.
मग लिवा, म्हणाला. नाव सांगतो.
साहेब पुढं सरकले.
मैनाबाई, म्हणाला. मायचं नाव होतं,
नाकाडावर पांढऱ्या रंगानं काढलेलं.
माझ्या पोरीनं काढलं होतं, वेलांटी चुकवून.

मी लिहिलं, जळालेल्या मालाच्या रकान्यात,
वेलांटी चुकवूनच.
खाली आरोपींपुढं जागा सोडली.
किती सोडावी समजेना.
तीन ओळी सोडल्या.

दोन पानांचे साठ झाले.
केरबानं मोजून दिले, मी मोजून घेतले.