डावीकडून तिसरा

मंगळवार बाजारात, गंजके पाने
आणि जोडीदार हरवलेल्या चपलांच्या ढिगात ती तबकडी होती.
चाळीस म्हणाला, पंचविसाला दिली.
वेष्टनावर कुणा हंगेरीवाल्याचं नाव,
अक्षरांच्या डोक्यावर तिरप्या रेघा,
कुणी मात्रा द्यायला बसलं
आणि मध्येच जेवायला उठून गेलं, तशा.

मला सनई कळते. वरातीतला क्लॅरिनेट कळतो.
बिघडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची घरघर तर
आईच्या खोकल्याइतकी ओळखीची.
हे कळेना.
सुरुवात कुठे झाली तेच कळेना.
सुई टेकली तेव्हा काहीतरी आधीपासूनच चालू होतं,
दुपारी झोपेतून उठावं आणि लक्षात यावं
मघापासून भिंतीपलीकडे कुणी बोलतंय.

ठेका नाही. परत यायला सम नाही.
पन्नासेक व्हायोलिनं, प्रत्येकाचं आपापलं चाललेलं,
आणि एकाचा पदर धरून ऐकू म्हटलं
तर हातात सगळ्यांचाच येतो.
मी बेल्ट तपासला. पिन पुसली. वेग मोजला.
यंत्रात दोष नव्हता.

नायना दाराशी पाय सोडून बसलेले.
अडतीस वर्षं यंत्रमागावर; आता कान नुसते चष्मा अडकवायला.
सरकारी शिबिरात मिळालेलं कानातलं मशीन
डबीत असतं, आणि डबी कुठे असते ते आईला विचारायचं.
ते उठले. का उठले, कोण जाणे,
फरशी थरथरत असेल.
स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला,
पोराचा ताप बघतात तसा, आधी उलटा, मग सुलटा,
आणि तेलुगूत विचारलं,
कुणाच्या शेडमधलं?

मी हात लांब केला.
अक्कलकोट रोड?
आणखी लांब केला.
बरं, म्हणाले. भिवंडी असेल.

मग बराच वेळ काही नाही.
आईचं सूप मांडीवर, तिची बोटं पानात तंबाखू भरतायत,
पानावर दोरा दोनदा फिरून तुटतोय.
बाहेर गल्लीतले माग.
आत हंगेरी.
मला दोन्हींमधली भिंत सापडेना.

चाळीसच्या वर आहेत, नायना म्हणाले.
जुने. एकाच वेळी सुरू केलेले नाहीत,
म्हणून असं येतं.
मालक हुशार आहे.
आणि तळवा थोडा खाली सरकवून,
डावीकडून तिसरा.
तार तुटलीय त्याची.
कोण आहे तिथे? थांबव म्हणावं, सांध म्हणावं,
नाहीतर पुढची सगळी चादर डागी निघेल.

मी कान लावला.
तळाशी खरंच होता एक जाड, दमलेला सूर,
बाकीचे पुढे गेल्यावर स्वतःला ओढत येणारा.
त्यांनी सांगेपर्यंत तो नव्हता.
आता तोच होता.

आणि लाइट गेली.
तबकडी वितळल्यासारखी खाली खाली गेली,
एक हेल, मग हेलाची सावली.
गल्लीतले धोटे दोन-चार उड्या मारून पडले.
इतकं शांत झालं की आईने विड्या मोजलेल्या ऐकू आल्या,
बावीस, तेवीस,
बंडलातल्या दोन कमी.

नायनांनी हात काढला नाही.
आता बघ, म्हणाले, सगळे चहाला बाहेर येतील.

मी दाराबाहेर पाहिलं.
येतही होते, बनियनवर, भुवयांवर कापूस घेऊन,
अंधारात एकमेकांच्या खांद्याला चाचपत.
त्यांच्यात काळे कोट घातलेले कुणी असतील
तर मला ओळखू आले नसते.